पन्नाशीनंतर व्हिडिओ निर्मिती शिकायची तर: आधी काम, मग कोर्स

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले माणूस विदर्भातल्या खेड्यातून व्हिडिओ शिकायला निघाले की पैसा बहुधा दोन जागी आधी जातो, कॅमेऱ्यात आणि कोर्सच्या फीत. हे दोन्ही खर्च थांबू शकतात. हातातला फोन, तारेचा कॉलर माइक आणि साधा ट्रायपॉड एवढ्यावर चार-पाच महिन्यांत तीन मिनिटांची नीट फिल्म होते. ती एकदा केली की कोणता कोर्स आपल्या कामाचा, हे आपोआप दिसते. फ्रेम रेट, कटअवे, रूम टोन हे शब्द वर्गात पहिल्यांदाच कानावर पडले तर वर्गातली वीस वर्षांची पोरं पुढे निघून जातात. मोठ्या वयाचा विद्यार्थी विषयात कमी पडत नाही. कापूस, धान, संत्रा, भजनी मंडळ, ग्रामसभा हे सगळे त्याला पाठ असते. तो अडतो सॉफ्टवेअरच्या भीतीपाशी, आणि ती भीती घरीच मोडून काढलेली बरी.

त्यातही अडखळण्याची पहिली जागा कॅमेरा नसतेच. ‘फाइल कुठे गेली?’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो. संगणकाची सवय नसेल तर तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटी करून घ्या. ते मराठीतून शिकता येते. फोल्डर करणे, फाइलला नाव देणे, फोनमधून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणे, एवढे न बघता जमले पाहिजे. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरी वाट नाही.

फोन आधी ताळ्यावर आणा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० ठेवा. ४के नको. १०८० मध्ये मिनिटाला साधारण १२५ ते १३० एमबी जागा लागते, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या आसपास. ४के त्याच्या तिपटीच्या घरात जाते, आणि जुना लॅपटॉप तेवढी फाइल नीट चालवत नाही. एचडीआर बंद करा, फ्रेमवर ग्रिड चालू करा. शूटिंगआधी विमान मोड लावा, कारण ऐन बोलण्यात फोन आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबते किंवा आवाज तुटतो. लेन्स प्रत्येक वेळी मऊ सुती कापडाने पुसा. वेचणीच्या दिवसांत तिच्यावर कापसाचे तंतू आणि धूळ बसते आणि चित्र दुधाळ येते. तो दोष नंतर काढता येत नाही.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे घ्यायची तो आकडा, २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, त्या तालाशी जुळले नाही की चित्रात काळसर पट्टे सरकू लागतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप आपल्या फोनवर चालत असेल तर त्यात २५ फ्रेम आणि १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग) शटर लावा. चालत नसेल तर ओपन कॅमेरा वापरून बघा. फोन २५ देतच नसेल तर ३० राहू द्या, पण घरातल्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० असावे. बाहेर उन्हात हा नियम सोडून द्या. बहुतेक फोनचे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, बदलत नाही, त्यामुळे तिथे १/५० वर सगळे पांढरेफटक होते. उन्हात पट्ट्यांची अडचणही नसते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की फोन तापून स्वतःच बंद पडतो. कव्हर काढा, सावलीतून शूट करा, चार्जिंग लावून शूट करू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत बाष्प धरते. सकाळी साडेनऊपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर काम करायचे असे ठरवून टाकले तर उष्णता आणि डोक्यावरचे कडक ऊन दोन्ही टळतात.

पहिले सहा आठवडे: फक्त चित्र

पहिल्या दोन आठवड्यांत रोज दहा शॉट घ्या, प्रत्येक दहा सेकंदांचा, फोन ट्रायपॉडवर. पॅन (फोन आडवा फिरवणे) नाही, झूम नाही. नवशिक्याचा हात सतत हलतो, कारण त्याला सगळेच दाखवायचे असते. शेवटी संकलनात लावायला एकही स्थिर शॉट उरत नाही. दहा सेकंद मनात मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटतात, पण टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडायच्या पट्टीवर, त्यातले चारच कामी येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकच काम पाच शॉटमध्ये दाखवा. गोठ्यातली धार घ्या: हातांचा क्लोज-अप, चेहऱ्याचा क्लोज-अप, दोन्ही दिसतील असा दूरचा शॉट, काम करणाऱ्याच्या खांद्यावरून दिसणारा शॉट, आणि पाचवा अगदी वेगळ्या कोनातून, हवे तर बादलीच्या कडेशी फोन ठेवून. हे पाच एकमेकांना जोडले की काम समजते, निवेदन लागत नाही. जोडताना एक बघा, गाय एका शॉटमध्ये डावीकडे तोंड करून असेल आणि पुढच्यात उजवीकडे, तर बघणारा गोंधळतो. गाय आणि माणूस यांना जोडणारी एक रेषा कल्पा आणि सगळे शॉट त्या रेषेच्या एकाच बाजूने घ्या.

पुढचे दोन आठवडे उजेडासाठी द्या, आणि त्यासाठी कापसाच्या वावरासारखी दुसरी शाळा नाही. फ्रेम बोंडांनी भरली की फोन चित्र अंधारवतो, काळ्या मातीकडे वळला की उजळवतो. एकाच शॉटमध्ये वेचणाऱ्या बाईच्या मागे कॅमेरा नेला तर उजेड सारखा वर-खाली होत राहतो. म्हणून जी गोष्ट नीट दिसली पाहिजे तिच्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक होऊ द्या, मग शूट करा. चेहरा महत्त्वाचा असेल तर चेहऱ्यावर लॉक करा आणि मागचा कापूस थोडा जळू द्या, म्हणजे पांढराफटक होऊ द्या. बोंडाचा पोत दाखवायचा असेल तर बोंडावर लॉक करून उजेड अजून किंचित खाली ओढा. पांढरे एकदा जळाले की त्यातला पोत परत येत नाही, अंधारातले मात्र थोडेफार वर काढता येते. नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा चार ते सव्वापाच हा वेळ राखून ठेवा. त्या तिरप्या उजेडात पऱ्हाटीचे प्रत्येक पान सुटे दिसते.

आवाजाला सर्वांत जास्त वेळ द्या

थोडे हललेले चित्र लोक बघून घेतात. न कळणारा आवाज दहा सेकंदांत बंद करतात. नवा कॅमेरा घ्यायचे पैसे असतील तर त्यातले आधी माइकवर घाला.

सुरुवातीला तारेचाच कॉलर माइक घ्या. बोया बीवाय-एम१ किंवा त्यासारखा, हजाराच्या आसपास मिळतो. बीवाय-एम१ ची तार ६ मीटरची असते, आत एलआर४४ सेल असतो आणि डबीवर फोन आणि कॅमेरा असे बटण असते. आवाज फार बारीक आला किंवा आलाच नाही तर पहिला संशय त्या बटणावर घ्या. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कनव्हर्टर लागतो, आणि इथे बरेच जण फसतात. काही कनव्हर्टर फक्त ऐकण्यासाठी असतात, माइकचा आवाज आत घेत नाहीत. दुकानातच माइक लावून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंग सुरू असताना माइकच्या टोकावर नखाने टिचकी मारा. परत ऐकताना टिचकी मोठी आली तर माइक चालू आहे. लांबून आल्यासारखी वाटली तर फोन स्वतःच्याच माइकने ऐकतोय.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. मंगळसूत्र, माळ, खांद्यावरचा दुपट्टा त्याला घासला की खरखर येते, आणि ती काढताना बोलणेही मरते. बाईंना लावायचा असेल तर क्लिप त्यांच्याच हातात द्या आणि पदर नसलेल्या बाजूला लावायला सांगा. वारा असेल तर माइकवर केसाळ टोपी घाला. नुसता फोम वाऱ्याला पुरत नाही.

घरातल्या मुलाखतीत पंखा, फ्रिज आणि कूलर बंद करा. कूलर ही आपल्याकडची मोठी अडचण, कारण मे महिन्यात तो बंद केला की पाच मिनिटांत समोरच्याला घाम फुटतो. त्यामुळे चार-चार मिनिटांचे तुकडे करा, मध्ये कूलर लावा. फ्रिज बंद केला असेल तर आपली गाडीची चावी फ्रिजवर ठेवा, म्हणजे तो पुन्हा लावायचे विसरून निघणार नाही. मळणी यंत्र, फवारणी पंप, पिठाची गिरणी यांच्या वेळा आधी विचारून ठेवा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा तीस सेकंद नुसता आवाज घ्या. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधली फट कोरी ठेवली तर कान दचकतो, म्हणून तिथे हा भरतात.

खंजिरी भजन रेकॉर्ड करणे हा वेगळाच कस आहे. फोन शांततेत आवाज आपणहून वाढवतो, आणि थाप पडली की एकदम दाबतो, त्यामुळे थापेनंतरचा पहिला शब्द गिळल्यासारखा येतो. अॅपमध्ये आवाजाची पातळी हाताने लॉक करा. सर्वांत जोराची थाप उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकली की आवाज फाटतो. माइक गाणाऱ्यांपासून सहा-सात फुटांवर, कमरेच्या उंचीवर ठेवा. लाउडस्पीकरसमोर बसून रेकॉर्ड करू नका, तिथे मूळ आवाज उरतच नाही.

मुलाखत

इथे वयाचा फायदा होतो. ज्या घरात तरुण मुलाला ओट्यावरूनच परत पाठवतात तिथे तुम्हाला चहा मिळतो. तेवढ्यासाठी तरी तयारी नीट असावी.

माणसाला ओसरीत बसवा, तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीपासून चार-पाच फूट पुढे. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही फोनच्या अगदी बाजूला बसा, म्हणजे नजर फार तिरपी जात नाही. आधीच सांगा, ‘काकाजी, माझा प्रश्न कापला जाईल, उत्तरात तेच परत सांगाल.’ नाहीतर ‘हो, तेव्हाच’ अशी उत्तरे येतात आणि ती कशाचीच नसतात. ‘वेचणी कधी लागते?’ विचारले तर ‘दिवाळीनंतर’ एवढेच मिळते. ‘वेचणीचा दिवस कसा जाते ते सांगा नं’ म्हटले की माणूस पहाटेपासून सांगत जातो. उत्तर संपल्यावर तीन सेकंद गप्प राहा. खरे काय ते बहुतेक वेळा त्या तीन सेकंदांनंतर येते. मध्ये ‘हं, हं’ करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार माइकमध्ये जातो आणि नेमक्या चांगल्या वाक्यावर पडतो.

परवानगी आधी घ्या आणि कुठे दाखवणार तेही सांगा. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत बोलणाऱ्याला ‘शुद्ध बोला’ म्हणू नका. तो लगेच आकसतो. लागली तर खाली अक्षरे द्या. लहान मुलांसाठी आई-वडिलांचा होकार कागदावर घ्या. जंगलात शूट करायचे असेल तर वनविभागाची परवानगी लागते. ड्रोनचा नाद सध्या नको. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी लागते आणि शिकण्याच्या दृष्टीने त्यातून फारसे काही मिळत नाही.

संकलन: कागदावरून सुरुवात

फोनमधले सगळे लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. दोन्ही जागी फाइल उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करू नका. फोल्डरचे नाव तारखेने सुरू करा, जसे ‘२०२५-११-१४ कापूस मुलाखत’. अशी नावे आपोआप क्रमाने लागतात.

आता काहीही न कापता सगळे एकदा बघा. वही घ्या, डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला कोण काय बोलले. चांगल्या वाक्याखाली रेघ. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून रेघ मारलेली सहा-सात मिनिटे निघतात, त्यातली तीन फिल्ममध्ये जातात. क्रम वहीवरच लावा. वहीवर काम करायची सवय मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला असतेच, आणि इथे ती तरुणांपेक्षा पुढे नेते, कारण बाकीचे टाइमलाइनवर तुकडे सरकवत बसतात.

मग सॉफ्टवेअर उघडा. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. त्याहून कमी ताकदीचा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट. लॅपटॉपच नसेल तर फोनवर व्हीएन हे अॅप चालते. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. प्रोजेक्ट २५ फ्रेमवर लावा. तो पहिला क्लिप टाकण्याआधीच लावायचा असतो, काही सॉफ्टवेअरमध्ये नंतर बदलू देत नाही.

पहिल्यांदा फक्त बोलणे जोडा. डोळे मिटून ऐका. कळते का? कळत असेल तरच पुढे जा. मग जिथे जिथे बोलणे कापले आहे तिथे वरून हात, वावर, बंडी, बोंडे असे कटअवे (चेहरा झाकणारे दुसरे शॉट) टाका, म्हणजे चेहरा उडी मारल्यासारखा दिसणार नाही. त्यानंतर आवाजाची पातळी: बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये, संगीत बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली. सिनेमाचे गाणे लावू नका, यूट्यूब ते ओळखते आणि व्हिडिओवर गाण्याच्या मालकाचा दावा लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे. खरे सांगायचे तर वावरातल्या फिल्मला संगीत बहुतेक वेळा लागतही नाही.

दोन बिघाड हमखास भेटतात. पहिला, फिल्म सुरुवातीला ठीक असते आणि दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे होतात. कारण बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, कमी-जास्त करतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्लिप आधी ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून घ्या आणि तीच टाइमलाइनवर आणा. दुसरा, मराठी अक्षरे. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फॉन्ट लावून बघा. तरी सुधारले नाही तर नाव दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी चित्र करून आणा. जुन्या डीटीपीचे फॉन्ट इथे चालत नाहीत.

एक्स्पोर्ट करताना १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, एच.२६४, १० एमबीपीएस. दहा मिनिटांची अशी फिल्म ७५० एमबीच्या आसपास होते. गावातल्या नेटचा अपलोड वेग २ एमबीपीएस असेल तर पन्नास मिनिटे लागतील. मधेच लाइट गेली आणि वायफाय बंद पडले तर अपलोड अडकतो, म्हणून रात्री उशिरा, फोनच्या हॉटस्पॉटवरून करा.

डोळे, कान, गुडघे

उन्हात फोनच्या पडद्यावर फोकस बरोबर आहे की नाही हे जवळच्या चष्म्याशिवाय कळत नाही. शॉट घेतल्यावर सावलीत जाऊन चित्र मोठे करून डोळ्यांच्या पापण्या बघा. त्या स्पष्ट असतील तर फोकस ठीक. बायफोकल चष्म्यातून खाली बघताना मान तिरपी होते आणि क्षितिज तिरके येते, त्यासाठी ग्रिडची आडवी रेघ धुऱ्याला किंवा भिंतीच्या कडेला लावा.

वय वाढते तसे तीक्ष्ण, बारीक आवाज कानाला कमी ऐकू येतात. तुम्हाला स्वच्छ वाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सी-सी असा आवाज असू शकतो. मीटरवर विश्वास ठेवा आणि पक्के करण्याआधी घरातल्या शाळकरी मुलाला इअरफोनवर ऐकवा.

सामान दोन किलोच्या आत ठेवा. सलग तीन तास संकलन करू नका; रोज पाऊण तास पुरे, आणि कीबोर्डचे दहा शॉर्टकट कार्डावर लिहून पडद्याखाली चिकटवा. यूट्यूबवर बघून शिकत असाल तर शिकवणाऱ्याची सॉफ्टवेअर आवृत्ती आणि तुमची एकच आहे का ते आधी बघा. बटण सापडत नाही त्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.

आता कोर्स

तीन मिनिटांची एक फिल्म तयार झाली की मग चौकशी करा. ऑनलाइन आणि फुकट सुरुवात हवी असेल तर स्वयम या सरकारी संकेतस्थळावर माध्यम आणि चित्रपटाचे अभ्यासक्रम येत असतात. शिकणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी चित्रपट संस्था, १९६० मध्ये सुरू झालेली, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेते. थोड्या दिवसांत कसून शिकायचे तर हा मार्ग चांगला. पदवी-पदविकेसाठी नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग, वर्ध्याचे महात्मा गांधी हिंदी विश्वविद्यालय, अमरावतीचे आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) केंद्र आहे. काही नियमित अभ्यासक्रमांना वयाची वरची मर्यादा असते, म्हणून माहितीपत्रकात आधी तोच रकाना वाचा. वर्धा हिंदीत शिकवते हेही लक्षात ठेवा.

खासगी संस्था असेल तर तीनच प्रश्न विचारा: किती फिल्म स्वतः करायच्या, केलेले काम कोण बघून दुरुस्त करते, आणि वर्ग सुटल्यावर संगणक वापरायला मिळतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर फी भरू नका. त्यापेक्षा तालुक्याच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे एका हंगामात दुसरा कॅमेरा धरणे जास्त शिकवते. तिथे चुकलेला शॉट परत मिळत नाही, ते लवकर समजते. जाण्यायेण्याचा खर्च धरताना एसटीची सवलत मोजा: महिलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धे, ७५ च्या पुढे मोफत.

कागद तीन महिने आधी काढायला घ्या. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करावा लागतो. मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर त्या विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडावी; आधार एका नावाचे आणि गुणपत्रिका दुसऱ्या नावाची, इथेच अर्ज सर्वांत जास्त अडकतात.

कामाचा नमुना मागितला तर तीच तीन मिनिटांची फिल्म द्या, पाच-सहा तुकडे एकत्र करून नको. यूट्यूबवर चढवताना ‘अनलिस्टेड’ निवडा, म्हणजे लिंक असलेल्याला ती दिसते. ‘प्रायव्हेट’ ठेवली तर समोरच्याकडे लिंक उघडतच नाही, आणि ते तुम्हाला कोणी कळवतही नाही.